तात्पुरतं वेळापत्रक

शाळेत मला स्वतःची खुर्ची कधीच नव्हती. खुर्च्या भरपूर असायच्या, पण प्रत्येकीवर कुणाचा ना कुणाचा हक्क असायचा. शिक्षकखोलीत जाऊन एखाद्या रिकाम्या खुर्चीवर टेकले, की कोपऱ्यातून कुणीतरी वहीतून मान वर न करता सांगायचं, "तिथे परांजपे बाई बसतात." परांजपे बाई बाळंतपणाच्या रजेवर असल्या तरी. मग मी जिन्याजवळच्या बाकावर बसायची. डबाही तिथेच खायची.

मी पुण्यातल्या चार शाळांची मिळून एक विशेष शिक्षिका होते. सोमवारी एक शाळा, मंगळवारी दुसरी, अशी फिरती. मुख्याध्यापक मला 'त्या स्पेशलवाल्या बाई' म्हणत. मुलींना वाटायचं, मी कुणाची तरी आई आहे आणि मला घरी काही काम नाही. माझ्या सासूबाईंच्या बहिणीने तर एकदा भर लग्नात विचारलं होतं, "म्हणजे तू शिकवत नाहीस. नुसती मुलांशेजारी बसतेस." मी म्हटलं, "हो मावशी. पण बसायलाही शिकावं लागतं." त्यांना तो उलट जबाब वाटला. थोडासा होताही.

काम समजावून सांगायचं तर असं. साध्या शाळेत, साध्या वर्गात काही मुलं अशी असतात, की त्यांना इतरांपेक्षा थोडं वेगळं काही लागतं. कुणाला फळा दिसत नाही, कुणाला अक्षर लागत नाही, कुणाला गर्दीत दम कोंडल्यासारखं होतं. त्यांना वेगळ्या शाळेत न काढता आहे त्याच बाकावर कसं टिकवायचं, हे बघणं माझं काम. आईवडलांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बाई, बरी कधी होईल?" एका आजोबांनी तर वहीच काढली होती, तारीख लिहून घ्यायला. मी म्हटलं, "आजोबा, ताप नाहीये हो, उतरायला." त्यांनी वही मिटली आणि नातवाला म्हणाले, "चल, या बाईंना काही येत नाही."

आजोबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मला काय येत नाही, हे मला सानिकाने शिकवलं. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि मी सत्तेचाळीस.

सानिका बिबवेवाडीची. वडलांची पिठाची गिरणी. ती चौथीत असताना तिच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मुलगी हुशार, हातात पडेल ते वाचायची, पाढे तिसापर्यंत पाठ. पण शाळेत कुणाशी बोलायची नाही. या एका बाईंशी बोलायची, तेही कानात. पहिली ते चौथी त्याच बाई, तोच वर्ग, तोच खिडकीजवळचा बाक. डॉक्टरांच्या कागदावर स्वमग्नता असा शब्द होता, शेजारी प्रश्नचिन्ह. आता जूनमध्ये ती पाचवीला, म्हणजे पेठेतल्या मुलींच्या हायस्कूलमध्ये जाणार होती. ते ठरल्यापासून रोज सकाळी दूध ओकून टाकत होती. घाबरली की डाव्या हाताच्या मनगटाला उजव्या हाताची नखं रुतवायची. मनगटावर चंद्रकोरी उठलेल्या असायच्या.

चौथीतून पाचवीत जाणं म्हणजे काय, हे आपण मोठी माणसं विसरून जातो. चौथीपर्यंत एकच बाई. घरात आई तशी शाळेत बाई. पाचवीत दिवसाला आठ तास आणि सहा शिक्षक. दर पस्तीस मिनिटांनी घंटा, एक माणूस जातो, दुसरं येतं, त्याचा आवाज वेगळा, त्याची चिडायची पद्धत वेगळी. एरवीच्या मुली दोन दिवसांत सरावतात आणि आठवड्यात सगळ्यांना टोपणनावं ठेवतात. सानिकाचं काय होणार, याची त्या प्राथमिकच्या बाईंना धास्ती होती.

मी म्हटलं, "काळजी करू नका. मी मे महिन्यात तयारी करून घेते." अशी मुलं माझ्या हाताखालून गेली होती आणि मला त्याचा जरा तोरा होता.

मे महिन्यात मी हायस्कूलच्या कार्यालयातून पाचवी ब चं वेळापत्रक उतरवून आणलं. रोलचा कॅमेरा घेऊन सुट्टीतही शाळेत डोकावणाऱ्या शिक्षकांना गाठून फोटो काढले. चित्रकलेच्या बाईंनी आधी केस विंचरले. शारीरिक शिक्षणाचे सर शिट्टी तोंडात धरून उभे राहिले. विज्ञानाच्या बाईंचे डोळे मिटलेले आले, तर त्या म्हणाल्या, "हा लावू नका, मुली म्हणतील वर्गातही झोपते." मग एका मोठ्या कार्डशीटवर मी चौकोन आखले. सहा दिवस, आठ तास. प्रत्येक चौकोनात विषय, खोली आणि शिक्षकाचा फोटो. रंगीत स्केचपेनने नावं. वरून प्लास्टिक. ते पूर्ण झाल्यावर मीच किती वेळ लांब धरून बघत बसले होते.

सानिकाने तो तक्ता चार दिवसांत पाठ केला. रिकाम्या शाळेत आम्ही पाच वेळा जाऊन आलो. पाचवी ब चा वर्ग, पाण्याची टाकी, मुतारी, जिना. ती तक्ता हातात धरून माझ्या पुढे चालायची. शेवटच्या फेरीला तिने खिडकीजवळचा एक बाक निवडला आणि त्यावर तळहात ठेवला. घरी गेल्यावर आईला म्हणाली म्हणे, "मला सगळं माहितीये." त्या आठवड्यात दूध पोटात राहिलं.

आता माझी चूक सांगते. आमची नेमणूक अकरा महिन्यांची असायची. जुलैत सुरू, मे अखेर बंद. त्यामुळे इतक्या वर्षांत हायस्कूलचा जून मी बघितलाच नव्हता. त्या वर्षी सानिकासाठी म्हणून आपणहून पहिल्या दिवशी गेले. आणि हायस्कूलमधल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मला तिथे कळली. जूनमध्ये वेळापत्रक नसतं. असतं ते तात्पुरतं. प्रवेश चालू असतात, तुकड्या हलत असतात, कुणी प्रशिक्षणाला गेलेलं असतं, कुणाची जागा भरलेली नसते. मी उतरवून आणलेलं होतं ते गेल्या वर्षीचं. नवीन जुलैच्या मध्याला लागायचं. तोवर पर्यवेक्षक आगाशे सर रोज सकाळी एका लांबट वहीत त्या दिवसापुरते तास लिहायचे आणि शिपाई ती वही फिरवून सह्या घ्यायचा. मला कुणी हे सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. सूर्य कुठे उगवतो हे कोण कुणाला सांगायला जातं.

पहिल्या दिवशी सानिका आली. आई फाटकाशी थांबली. प्रार्थनेला सानिका रांगेत उभी राहिली. मी जिन्याजवळच्या बाकावर बसले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पहिला तास तक्त्यात मराठीचा, शेवाळे बाईंचा. वर्गात गेले ते शिट्टीवाले सर. दुसरा तास गणिताचा. कुणीच गेलं नाही, मग कार्यालयातले कारकून फॉर्म गोळा करायला गेले. तिसऱ्या तासाला ज्या बाई गेल्या, त्यांचा फोटो माझ्या तक्त्यात कुठेच नव्हता.

मी बाकावरून उठतच होते, तेवढ्यात दोन वेण्या उडवत एक मुलगी धावत आली. ही रेणुका. पुढे कळलं, की शाळेतली प्रत्येक बातमी आधी रेणुकाला कळते. "तुम्ही त्या खिडकीजवळच्या मुलीच्या आई ना? ती बाकाखाली गेलीये आणि येत नाहीये. ओकली पण."

मी वर्गात गेले आणि बाकाखाली वाकले. पन्नास मुली बघत होत्या. सानिका भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मनगटातून रक्त आलं होतं. मी हात पुढे केला. तिने हात धरला नाही. तक्ता माझ्याकडे ढकलला. प्लास्टिकवर तिने पेनाने इकडून तिकडे एक शब्द लिहिला होता. 'खोटं.'

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वाईट नव्हत्या. स्पष्ट होत्या. मला आणि सानिकाच्या वडलांना समोर उभं करून म्हणाल्या, "हे बघा, तिचेही हाल आणि बाकीच्या पन्नास जणींचेही. ऑगस्टात घटक चाचणी आहे. तोवर वर्गात बसायला लागली तर ठीक. नाहीतर दाखला घेऊन जा. तिच्यासारख्या मुलांची वेगळी शाळा असतेच की."

तिच्यासारख्या मुलांची शाळा नव्हती. जवळची होती तिथे मुलं शर्टाची बटणं लावायला शिकत होती. तिथली शिक्षिका माझी मैत्रीण, तीच म्हणाली, "इथे आणू नकोस गं, इथे ती वाया जाईल." म्हणजे दाखला काढला, की सानिकाला घर आणि गिरणी, एवढंच.

पुढचे बारा दिवस ती शाळेत आली नाही. तेराव्या दिवशी तिचे वडील, बाळासाहेब, पुस्तकांची पिशवी घेऊन शाळेत आले. सदऱ्यावर पीठ, भुवयांवर पीठ. "बाई, पुस्तकं कोरी हायेत. दुसऱ्या कुणाला तरी होतील. ती बसू द्या घरी."

मी म्हटलं, "पिशवी आजचा दिवस तुमच्याकडेच राहू द्या. मी उद्या घरी येते."

"उद्या गुरुवार. लाईट नसती. पण या."

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जायची. मी सकाळी लवकरच गेले, तेव्हा गिरणी चालू होती. दारात उभं राहून दोन मिनिटंही काढता येऊ नयेत असा धडधडाट. आणि आत, पट्ट्यापासून चार हातांवर, सानिका पोत्यावर बसून मांडीवर वर्तमानपत्र पसरून वाचत होती. शांत. मनगटावर हातसुद्धा नाही. मी थक्क झाले. माझ्या अहवालात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'गोंगाट सहन होत नाही.'

बाळासाहेबांनी एक डबा दळून संपवला आणि यंत्र बंद केलं. पुढचा डबा ओतला. बटणावर हात नेला आणि मान वळवून म्हणाले, "चालू करतो गं." सानिकाने मान हलवली. यंत्र धडधडलं. पुढच्या डब्याला पुन्हा तेच. मी मोजले, सहा डबे झाले, सहाही वेळा त्यांनी तिला सांगितलं. मग नवाच्या सुमारास लाईट गेली आणि सगळं एकदम गप्प झालं. मला वाटलं, आता पोर दचकणार. ती म्हणाली, चांगल्या खणखणीत आवाजात, "बाबा, कधी येईल?"

"काय म्हाईत. चारला येती, कधी सहाला. सांगता यायचं नाय."

"बरं," असं म्हणून तिने पान उलटलं.

मी विचारलं, "तुम्ही दर वेळी सांगता तिला? चालू करतो म्हणून?"

"मग? न सांगता कसं चालू करायचं? दचकंल की." आणि मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "आवाजाचं काय नाय बाई तिला. सांगितलेलं खरं निघालं पायजे, एवढंच हाय तिचं. आमची आई म्हणायची, आत्ता येते, आणि यायची दोन तासांनी. तिच्यापाशी ही थांबायचीच नाय."

मी पोत्यावर तिच्याशेजारी बसले. खरं सांगते, मला फार लाज वाटली. एवढी पुस्तकं वाचून, प्रशिक्षणं घेऊन जे मला दिसलं नाही, ते या माणसाने रोज गिरणी चालू करताना करून ठेवलं होतं. आणि लाज एवढ्याचीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शाळेतल्या एका मुलाच्या आईला मी असाच रंगीत तक्ता करून दिला होता. जुलैत मी गेले तेव्हा त्याचं नाव पटावरून कमी झालेलं होतं. आई म्हणाली, पहिल्याच आठवड्यात शाळेचं नाव काढलं की डोकं आपटायला लागला. मी अहवालात लिहिलं, 'बदल स्वीकारता येत नाही.' त्या मुलाला लिहिता येत नव्हतं. नाहीतर त्यानेही माझ्या तक्त्यावर तोच शब्द लिहिला असता. नंतर एकदा मी त्यांचं घर शोधत गेले, ते भाडेकरू होते, घर सोडून गेले होते.

सानिकाला मी म्हटलं, "माझा तक्ता चुकीचा होता. मला माहीत नव्हतं आणि माहीत असल्यासारखं मी लिहिलं. माझं चुकलं."

ती वर्तमानपत्राकडे बघत होती. घरी ती बोलते हे मला माहीत होतं, पण माझ्याशी बोलेल असं वाटलं नव्हतं. तिने विचारलं, "उद्या पहिल्या तासाला कोण आहे?"

"माहीत नाही."

"तुम्हाला का माहीत नाही?"

"अजून कुणालाच माहीत नाही. आगाशे सर उद्या सकाळी पावणेअकराला वहीत लिहितील, तेव्हा ठरेल."

"वहीत लिहिल्यावर खरं असतं?"

मी 'हो' म्हणणार होते. जीभ चावली. "बहुतेक वेळा. कधी मधेच कुणाला ताप येतो, मग बदलतं."

तिने यावर चांगला विचार केला. म्हणाली, "मग वही मला दाखवा."

आता प्रश्न आगाशे सरांचा. आगाशे सर म्हणजे बावीस वर्गांचं वेळापत्रक डोक्यात घेऊन फिरणारा माणूस. कुणालाच शनिवारचा शेवटचा तास नको असतो, प्रत्येकाची काही ना काही अडचण असते, आणि ते सगळं जुळवून जो उरतो त्याच्यावर सगळे मिळून रागावतात. त्यामुळे ते कुणाशी गोड बोलत नसत. त्यांची ती वही शिक्षकांनासुद्धा सहीपुरतीच मिळायची. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे उद्यापासून पाचवीतली मुलगी माझी वही तपासणार."

"बघणार, सर. एक मिनिट."

"माझी वही म्हणजे काय पंचांग आहे? आणि बदल झाला की तिला येऊन कळवायचं का? अर्ज करून?"

"कळवलं तर बरं होईल," मी म्हटलं.

"इथे मोठ्या बाईंना कळवायला वेळ नसतो मला."

मला वाटलं, संपलं. निघाले तर मागून म्हणाले, "पावणेअकरा म्हणजे पावणेअकरा. अकराला पाच कमी असताना आली तर वही फिरायला गेलेली असेल."

दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला बाळासाहेबांनी तिला फाटकाशी सोडलं. आम्ही पर्यवेक्षकांच्या टेबलाशी उभ्या राहिलो. आगाशे सरांनी तिच्याकडे बघितलं नाही. लिहून झाल्यावर वही फक्त तिच्या बाजूला फिरवली. तिने एका साध्या कागदावर आठ चौकोन पेन्सिलीने भरले. पेन्सिलीने, हे आमचं ठरलं होतं, म्हणजे खोडता येतं. सहाव्या तासापुढे सरांच्या वहीत रेघ होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माहीत नाही असं लिही." तिने लिहिलं, 'माहीत नाही.' आणि वर्गात गेली.

त्या दिवशी ती तीन तास बसली. दुसऱ्या दिवशी दोन. मग एकदम पाच. मग एकदा पावसाने गैरहजेरी फार झाली आणि दोन तुकड्या एकत्र बसवल्या, तेव्हा पुन्हा बाकाखाली. सरळ रेषेत वर जाणारं मूल मी बघितलेलं नाही, ते फक्त अहवालात असतं. शेवाळे बाई वर्गशिक्षिका, त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, मी काय शिकवते ते ती ऐकते का, की नुसती मी खरी आलेय ना ते तपासते?" मी तिची वही दाखवली. सगळं उतरवलेलं होतं, बाईंच्या फळ्यावरच्या दोन चुका सुधारून. पुढच्या दिवसापासून शेवाळे बाई फळ्यावर जपून लिहायला लागल्या.

रेणुका आपणहून तिच्या शेजारी बसायला आली. का, तर सानिकाजवळ बसलं की आज कोण कोण येणार ते सगळ्यांच्या आधी कळतं. महिन्याभरात पाचवी ब मध्ये त्या कागदाला भलतीच किंमत आली. आणि आगाशे सर. त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही, पण शिपायानेच सांगितलं, "बाई, आजकाल मधेच तास बदलला तर सर मला आधी पाचवी ब मध्ये पाठवतात. मग बाकीकडे." जुलैच्या मध्याला पक्कं वेळापत्रक लागलं. तरी सानिका पावणेअकराला टेबलाशी उभी असायची आणि सर वही फिरवायचे. बदली तास तर वर्षभर असतातच.

शाळेत मात्र ती बोलत नव्हती. रेणुकाशी नाही, माझ्याशीही नाही. शाळेबाहेर, गिरणीत, बोलायची. फाटकाच्या आत ओठ मिटलेले. मोठ्या बाईंनी दोनदा विचारलं, "काय म्हणते तुमची मुलगी?" मी म्हटलं, "बसते." त्या म्हणाल्या, "बसते ते दिसतं मला. अचानक काही झालं तर काय करते, ते बघायचंय. तुम्ही जिन्यात नसताना." त्यांचं बरोबर होतं. चार शाळांपैकी एकीत मी सलग दीड महिना बसून होते, बाकीच्या तिघींची पत्रं आली होती. घटक चाचणी आठवड्यावर आली.

त्या मंगळवारी मला दुसऱ्या शाळेत जाणं भागच होतं. मी सानिकाला आदल्या दिवशी सांगितलं होतं, "उद्या मी सकाळी नाही. दुपारी येईन, किती वाजता ते माहीत नाही." तिथलं काम आटपत नव्हतं आणि माझं लक्ष घड्याळात. शेवटी पोचले तेव्हा तिसरा तास सुरू झाला होता. फाटकातच शिपाई म्हणाला, "बाई, भूगोलाचे सर घरी गेले, त्यांच्या वडलांना बरं नाही. पाचवी ब वर बी.एड.च्या बाई पाठवल्यात. आगाशे सर केंद्रावर बैठकीला गेलेत, मला आधी वर्गात पाठवायला कुणी नव्हतं. आणि मोठ्या बाई वर्गात जाऊन बसल्यात."

ऑगस्टात बी.एड.चे विद्यार्थी पाठ घ्यायला येतात, गुंडाळलेले तक्ते, कडक इस्त्रीची साडी आणि घशाला कोरड. अगदी अनोळखी चेहरा, न सांगता, आणि मागच्या बाकावर मुख्याध्यापिका. मी एका दमात दोन जिने चढले. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने चढू नयेत तसे.

दार उघडं होतं. ती बी.एड.ची मुलगी नद्यांचा तक्ता फळ्यावर अडकवत होती आणि तो पुन्हापुन्हा पडत होता. मोठ्या बाई मागच्या बाकावर, हाताची घडी घालून. सानिका बाकावरच होती. बाकाखाली नाही. उजवा हात मनगटावर होता, पण नखं रुतलेली नव्हती, नुसता धरलेला होता. मी दारातून तिला हाताने खुणा करायला लागले, मी आहे, मी आले, घाबरू नकोस. बी.एड.ची मुलगी मला बघून थांबली. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

सानिका उठली. कागद हातात घेऊन बाकांच्या मधून चालत दारापर्यंत आली. वाटलं, आता निघून जाते, संपलं सगळं. तिने कागद माझ्यापुढे धरला. तिसऱ्या चौकोनातलं भूगोलाच्या सरांचं नाव तिने खोडलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'नवीन बाई. नाव माहीत नाही.'

मग ती बोलली. फाटकाच्या आत, पन्नास मुली आणि मोठ्या बाईंसमोर, गिरणीतल्या त्या खणखणीत आवाजात.

"आत्ता भूगोल आहे. तुमचा तास नाहीये."

आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यात बसले. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि मी दोन्ही केलं. आत तो तक्ता एकदाचा लागला असावा, कारण नद्यांची नावं ऐकू यायला लागली. घंटा झाली. मोठ्या बाई बाहेर आल्या. मी पदराने तोंड पुसत उठले.

"बोलते की हो तुमची मुलगी," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"उद्धट आहे."

त्या चार पायऱ्या उतरल्या, कठड्याला हात लावून थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "चाचणीला बसायची जागा बदलते. तिची कुठल्या खोलीत आहे, ते तिला आधी दाखवून ठेवा."